जुंपल्याबिगर इंजिन घ्यायचं न्हाई

"डाक्तर, आसाल तसं निगा. ताप लई चढलाय आन् तोंडातनं वाफा निगाय लागल्यात."

फोन सोपानआबांचा होता. काष्टीच्या जनावरांच्या दवाखान्यात माझी बदली होऊन फार दिवस झाले नव्हते, त्यामुळे असा फोन आला की मी हातातला चहा ठेवून पळायचो. गाय आहे की म्हैस, एवढंच मी विचारलं. आबा म्हणाले, "हितं आल्याव बगा की. फोनवर काय सांगत बसू?" मी थर्मामीटर, स्टेथोस्कोप आणि सलाईनच्या बाटल्या पिशवीत कोंबल्या आणि मोटारसायकलला किक मारली. तोंडातून वाफा येणारा रोग कोणता, हे रस्ताभर आठवत होतो. कॉलेजात शिकवलेलं काहीच आठवेना.

आबांच्या अंगणात पोचलो तर शेडमध्ये ना गाय, ना म्हैस. लोखंडी अँगलची एक ओबडधोबड चौकट उभी होती. चौकटीला खाली चार चाकं आणि वर एका जुन्या व्हॅनचं इंजिन बोल्ट मारून बसवलेलं. पुढे रेडिएटर, बाजूला बॅटरी, मागे वाकड्या सायलेन्सरचं धुराडं. रेडिएटरच्या झाकणातून वाफ शिट्टी मारत होती आणि आबा ओलं फडकं घेऊन इंजिनाच्या कपाळावर पट्ट्या ठेवत होते. म्हणजे कपाळ जिथे असावं असं त्यांना वाटत होतं, तिथे.

"आबा, हे इंजिन आहे," मी म्हणालो.

"मला दिसतंय की. तुमी नळी लावा कानाला."

खरं तर तिथूनच मागे फिरायला हवं होतं. पण आबांच्या सांगण्यात असा काही रेटा असायचा की माणूस आधी करून बसायचा आणि विचार नंतर करायचा. मी स्टेथोस्कोप लावला. आत खळखळ चालली होती.

"पोटात पाणी उकळतंय. शेवटचं पाणी कधी घातलं होतं?"

"सकाळीच पाजलंय की पोटभर. आता एकदम सांच्याला."

तेवढ्यात आबांचा मुलगा संजू गॅरेजातून आला. संजूचं दौंड रस्त्यावर गॅरेज होतं आणि सगळ्या घरात इंजिन हा प्रकार फक्त त्यालाच कळत होता. बाप पट्ट्या ठेवतोय आणि सरकारी डॉक्टर इंजिनाचे ठोके ऐकतोय, हे त्याने दारातून पाहिलं. त्याने कॉइलची वायर ओढली, इंजिन बंद केलं, निवायची वाट बघितली आणि बादलीने पाणी घातलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "डॉक्टरसाहेब, तुमी तरी." आणि त्याने बादली पुन्हा भरायला घेतली.

सोपानआबांशी माझी ओळख झाली ती ही अशी. आबा आता नाहीत, म्हणून हे बिनधास्त लिहितोय. असते तर हे वाचण्याआधी त्यांनी मला तोंड उघडायला लावून दात बघितले असते. ती त्यांची खोडच होती. आयुष्यभर त्यांनी बैलबाजारात दलाली केली. बैलाचं वय दातांवरून ठरतं, आणि जन्मभर एकच काम केलं की हात दुसरं ऐकत नाही. समोर कुणीही येवो, आबांची नजर आधी ओठांच्या आत जायची. पहिल्या भेटीत मी हसलो तर म्हणाले, "जुळल्यात दात, समदे आल्यात. लगीन झालं आसंल." झालं होतं. गावात नवीन आलेल्या बँकेच्या मॅनेजरला त्यांनी पहिल्याच दिवशी निवृत्तीला किती वर्षं राहिली ते सांगून टाकलं होतं, आणि तो बिचारा तेव्हापासून बोलताना तोंडावर हात धरायचा.

दुसरी त्यांची सवय म्हणजे जुंपून बघणे. बाजारात बैल नुसता देखणा असून भागत नाही. भरल्या गाडीला जुंपायचा, चाक अडवायचं आणि ओढतो का ते बघायचं. "जुंपल्याबिगर घ्यायचं न्हाई," हे आबांचं वाक्य दिवसातून कितीदा यायचं याची गणती नाही, आणि ते फक्त बैलाला लागू नव्हतं. श्रीगोंद्याला फ्रिज घ्यायला गेले तेव्हा दुकानदाराला म्हणाले, चालू करा आणि बर्फ करून दाखवा. दुकानदाराने फ्रिज लावला. आबा समोर खुर्ची टाकून बसले ते संध्याकाळपर्यंत. मधे दुकानदाराच्याच घरचा डबा खाल्ला. बर्फ झाल्यावर तो दाताने फोडून बघितला आणि मगच मान हलवली. मुलीला बघायला स्थळ आलं तेव्हा कांदेपोहे व्हायच्या आधी त्यांनी नवऱ्या मुलाला कांद्याची गोणी माळ्यावर चढवायला लावली होती. मुलगा इस्त्रीच्या शर्टात गोणी घेऊन शिडी चढला. आबा खालून म्हणाले, "खांदा चांगला हाय. द्या पोहे." तो जावई आजही सासुरवाडीला येताना जुने कपडे घालून येतो.

पण मी काष्टीत आलो तोवर बाजार बदलला होता. घरोघरी ट्रॅक्टर आले होते. बाजारात बैल कमी आणि बैलांच्या गोष्टी सांगणारेच जास्त, अशी गत झाली होती. आबा तरीही पांढरं धोतर, खांद्यावर उपरणं अशा थाटात बाजाराला जायचे आणि कुणीही न विचारल्यामुळे शेवेची पुडी घेऊन परत यायचे. त्यांना पैशाची ददात नव्हती. ऊस होता, संजूचं गॅरेज होतं. अडचण निराळी होती. ज्या माणसाच्या शब्दावर तालुक्यातली माणसं डोळे झाकून बैल घेऊन जात होती, त्याला आता घरात शेव कुठल्या दुकानातून आणली, एवढंच विचारलं जात होतं. मरण्याआधी पुन्हा एक सौदा आपल्या शब्दावर व्हावा, एवढीच त्यांची इच्छा होती. ती ते लपवायचेही नाहीत. मला म्हणायचे, "डाक्तर, दलालाला कुनी इचारलं न्हाई तर त्यो नुसता म्हातारा."

माझी ओळख होण्याच्या थोडं आधी संजूच्या गॅरेजात एक गिऱ्हाईक रडत आलं होतं. त्याने भंगारातून जुनं इंजिन घेतलं होतं, ते गाडीत बसवून घेतलं, आणि चालू केल्यावर कळलं की ब्लॉकला चीर आहे. आबा तिथे बसले होते. "म्हंजी जुंपून न बगताच घेतलं?" त्यांनी विचारलं. संजूने समजावलं की इंजिन गाडीत बसवल्याशिवाय चालवता येत नाही. मोठ्या कारखान्यांत त्यासाठी स्टँड असतात, तिथे इंजिन बाहेरच चालवून बघतात. हे वाक्य बोलल्याचा पश्चात्ताप संजूला पुढे अनेक महिने होत राहिला. दुसऱ्याच दिवशी आबांनी उसाच्या मोडक्या ट्रॉलीचे अँगल काढून आणले. चाकं एका निकामी हातगाडीची, आणि वर गॅरेजात पडलेलं व्हॅनचं इंजिन, चालवून दाखवून विकायला. वेल्डिंग करायला संजूला बसवला आणि स्वतः समोर उभं राहून सूचना दिल्या, ज्या सगळ्या बैलगाडी डोळ्यांपुढे ठेवून दिलेल्या होत्या. पेट्रोलची टाकी नव्हती, तर आमच्या दवाखान्यातून सलाईनची रिकामी बाटली त्यांनी नळीसकट मागून नेली आणि इंजिनाला ठिबक लावलं. संजूने ती बघून कपाळाला हात लावला आणि जुन्या लुनाची टाकी बसवून दिली. पण बाटली टांगायचा खांब आबांनी काढू दिला नाही. त्यावर ते टोपी अडकवायचे.

आबांच्या पत्नी हौसाकाकू या सगळ्याच्या विरोधात होत्या. त्यांना त्या शेडमध्ये शेळ्या बांधायच्या होत्या. शेळ्यांचा सल्ला मीच दिला होता, त्यामुळे मी दोन्ही पक्षांचा माणूस होतो आणि मला दोन्हीकडचा चहा मिळायचा. काकू कमी बोलायच्या. आबांनी दहा वाक्यं बोलावीत आणि काकूंनी फुंकणी खाली ठेवावी, की विषय संपला.

स्टँड तयार झाल्यावर संजूने बजावलं होतं, "आबा, चाकं काढून ह्याला जमिनीत बोल्ट मारू, तवर अंगनात काढू नका." आबांना बोल्ट हा प्रकार पसंत नव्हता. जनावराला कुणी जमिनीत गाडतं का? त्यांनी अंगणात खुंटा ठोकला, स्टँडला दावं बांधलं आणि दाव्याचं टोक खुंट्याला गाठ मारून अडकवलं. संजू गॅरेजात होता, मला बोलावलं होतंच. शेजारपाजारची मंडळी जमली. आबांनी चावी फिरवली, इंजिन सुरू झालं, आणि त्यांनी थ्रॉटलला बांधलेली सुतळी ओढली.

इंजिन गरजलं. चौकट अंगभर थरथरली आणि चालायला लागली. अंगणाला मोरीकडे उतार होता. त्या उतारावरून स्टँड दाव्याच्या टोकापर्यंत गेला, हिसका बसला तसा वळला, आणि मळणीच्या बैलासारखा खुंट्याभोवती फिरायला लागला. माणसं पांगली. पोरं झाडावर चढली. मी तुळशीवृंदावनाच्या मागे गेलो. आबा मात्र खुशीत होते.

"बगा डाक्तर, उजव्या अंगाला जुंपायचा हाय! कसा नीट चालतोय!"

"बंद करा आबा!"

"वायर कोन वडंल? परवा हात लावला तर लाथ मारली मला!"

कॉइलचा करंट बसला होता, त्याला आबा लाथ म्हणत होते. तेव्हापासून त्यांनी इंजिन मारकं आहे असं ठरवलं होतं. चावी फिरवून बंद करता येतं हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही, आणि आलं असतं तरी चावीच्या बाजूने कुणी जाणार नव्हतं. आबा हात वर करून इंजिनापुढे उभे राहिले आणि जुन्या सवयीने ओरडले, "हो! हो! हो रं राजा!" राजा थांबला नाही. दावं खुंट्याला गुंडाळत चाललं तसा फेरा लहान होत गेला. काकूंनी वाळत घातलेल्या कपड्यांची दोरी पहिल्या फेऱ्यात गेली, कोंबड्यांचं डालगं दुसऱ्या. मग काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्यांनी मोरीवरची भिजवलेली गोधडी दोन्ही हातांनी उचलली आणि चालत्या इंजिनावर टाकली. इंजिन गुदमरलं, खोकलं, बंद पडलं.

सगळं शांत झाल्यावर काकू म्हणाल्या, "पोळ्यापातूर एक गिऱ्हाईक आना. न्हाईतर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी भंगारवाला हितं येईल. मी त्याला सांगून ठिवते."

आणि त्यांनी खरंच सांगून ठेवलं. भंगारवाला शेडमध्ये येऊन लोखंड हाताने दाबून गेला. त्या दिवशी आबा जेवले नाहीत. मला वाईट वाटलं, पण शेळ्यांचंही खरं होतं.

त्यानंतरचे दिवस आबांनी धावपळीत काढले. संजूने चाकं काढून स्टँड जमिनीत पक्का केला, चावीला लांब वायर दिली, पाण्याचं तापमान दाखवणारं घड्याळ बसवलं. आता ते खरंच कामाचं यंत्र झालं होतं. इंजिन बसवा, पेट्रोल द्या, चालवा, धूर बघा, तेलाचा दाब बघा, आवाज ऐका. संजू स्वतः गॅरेजातली इंजिनं इथे आणून तपासायला लागला, फक्त यंत्र कामाचं आहे असं बापाला सांगायचा नाही. पण गिऱ्हाईक येईना. येणारे यायचे, इंजिन चालू करायला लावायचे, व्हिडिओ काढायचे, चहा प्यायचे आणि जायचे. एकाने तर आबांना इंजिनासमोर उभं करून लेझीमच्या तालावर नाचायला लावलं. आबा नाचले. गिऱ्हाईक समजून नाचले, हे नंतर कळल्यावर मी त्या माणसाच्या म्हशीला दोन दिवस उशिरा गेलो.

पोळा आला. घरात बैल उरला नव्हता. आदल्या संध्याकाळी मी गेलो तर आबा शेडमध्ये हळद आणि तूप घेऊन बसले होते. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांदेमळणी करतात, जू ज्या खांद्यावर बसतं तो खांदा शेकून चोळतात. आबा इंजिनाचे रबरी पाय चोळत होते. वाकून त्याच्या एअर फिल्टरपाशी तोंड नेऊन म्हणाले, "आज आवतान घ्या, उद्या जेवाय या."

"आबा, त्याला ऐकू येतंय का?"

"बैलाला तरी कळत हुतं का, डाक्तर? आपन आपलं म्हनायचं."

दुसऱ्या दिवशी इंजिनाला हिंगूळ लागला. रेडिएटरवर बेगड चिकटवलं, सायलेन्सरला गोंडे, आणि झेंडूची जाड माळ पंख्याच्या अंगाने. समोर ताटात पुरणपोळी. मुलगी-जावई आले होते, शेजारी होते, काकू आरतीचं ताट घेऊन उभ्या होत्या. संजू म्हणाला, "आबा, माळ काडा, मगच चालू करा." आबा म्हणाले, "सनाच्या दिवशी उघडं ठिवू व्हय जनावर?" आणि चावी फिरवली.

पुढचं फार भराभर झालं. पंख्याने माळ ओढून घेतली आणि झेंडू सगळ्या अंगणावर उडाला. काकूंच्या आरतीचं निरांजन विझलं. गोंडा सुटून शेजाऱ्याच्या चहात पडला. जावयाच्या तोंडात एक अख्खं फूल गेलं आणि त्याने सासुरवाडीचा मान राखून ते बाहेर थुंकलं नाही. रेडिएटरने पुढची पुरणपोळी खेचून छातीशी लावली. पोळी जाळीवर अशी चिकटली की संजूला ती नंतर ब्रशने काढावी लागली.

"खाल्ली!" आबा ओरडले. "निवद पावला!"

आम्ही केसांतली फुलं काढत असतानाच फाटकाशी एक बाई आली. तिच्याबरोबर तिचा भाऊ होता. नाव वैशाली. माहेर इथलंच, श्रीगोंद्याजवळचं, सणाला आली होती. सासर शनिशिंगणापूरला. तिथे ती व्हॅनमध्ये वडापाव आणि चहा विकायची. शनिवारच्या गर्दीवर तिचं घर चालायचं, आणि व्हॅनचं इंजिन जाम झालं होतं; त्याच्या जागी न बघता घेतलेलं जुनं इंजिनही पहिल्याच आठवड्यात बंद पडलं होतं. कुणीतरी तिला व्हिडिओ दाखवला होता. लेझीमचाच. तिने विचारलं, "बाबा, तुमच्याकडं इंजिन चालवून दाखवतात म्हणं?"

आबांनी टोपी सारखी केली. तिचे दात बघण्याचा मोह त्यांनी कसाबसा आवरला, हे मी पाहिलं.

"दावतो की. तुमच्या गावाला दाराबिगर घर चालतं बाई, पन जुंपल्याबिगर इंजिन न्हाई चालत."

संजूने पोळी काढली, इंजिन पुन्हा चालू केलं. ते तापलेलंच होतं. असं चाललं की माझ्यासारख्यालाही गोड वाटलं. धूर नाही, खडखड नाही. वैशालीच्या भावाने तेलाचा दाब बघितला, मान हलवली. वैशालीचा चेहरा उजळला. संजूने डोळ्यांनीच बापाला खूण केली, आता गप्प राहा. मी देवाचं नाव घेतलं.

आबांनी इंजिन बंद केलं आणि म्हणाले, "आता खोड सांगतो."

"आबा!" संजू म्हणाला.

"गप. खोड सांगितल्याबिगर सौदा न्हाई. बाई, आत्ता ह्ये तापलंय म्हनून साळसूद दिसतंय. सकाळी गार आसताना चालू केलं की निळा धूर टाकतं. भसकन एकदा टाकतं, मग न्हाई. आन् थोडं आइल पितं. बाकी काय न्हाई."

वैशालीने भावाकडे पाहिलं. भाऊ म्हणाला, "ताई, निळा धूर म्हंजी आतनं गेलंय बग. उद्या आनखी काय निगंल. चल." ती तरी बिचारी काय करणार? एकदा फसलेलं माणूस होतं. ती मान खाली घालून फाटकाकडे वळली. संजूने पाना जमिनीवर आपटला. आबांनी झेंडूचं एक फूल उचललं आणि ते उगीचच पुसत बसले. मला वाटलं, संपलं. उद्या भंगारवाला.

"थांब गं पोरी," काकू म्हणाल्या.

सगळे वळले. काकूंनी आरतीचं ताट मुलीच्या हातात दिलं.

"ह्यो मानूस सवताच्या लग्नात माझ्या बापाला म्हनला हुता, मला घोरायची खोड हाय, आदीच सांगतो. उभा जलम घोरतोय. पन तेवढीच खोड निगाली, दुसरी न्हाई. ह्यांनी सांगितलं धूर येतो, तर येनार. न्हाई सांगितलं ते न्हाईच येनार. तू घे."

वैशाली थांबली. काकूंकडे बघत राहिली, मग हळूच म्हणाली, "किती म्हणता बाबा?"

आणि आबांनी जन्मभराच्या सवयीने खांद्यावरचं उपरणं काढलं, उजव्या हातावर टाकलं आणि हात पुढे केला. बैलबाजारात भाव तोंडाने सांगत नाहीत. कापडाखाली एकमेकांची बोटं धरून सांगतात, म्हणजे भोवतीच्यांना कळत नाही. वैशालीला हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. परका म्हातारा हात झाकून आपल्याकडे सरकतोय हे बघून ती दोन पावलं मागे सरली. भाऊ पुढे आला.

"सरका," काकू म्हणाल्या, आणि स्वतःचा हात उपरण्याखाली घातला. "पोरीच्या वतीनं मी बोलते."

उभ्या आयुष्यात काकू बैलबाजारात गेल्या नव्हत्या. बायका जात नसत. पण नवऱ्याच्या तोंडून रोज रात्री ऐकून ऐकून त्यांना बोटांची भाषा पाठ होती, हे त्या दिवसापर्यंत खुद्द आबांनाही ठाऊक नव्हतं. उपरणं हललं. आबांच्या भुवया वर गेल्या. पुन्हा हललं. आबा म्हणाले, "आगं, आगं!" काकूंचा चेहरा मख्ख. आबांनी मान जोरात हलवली. काकूंनी बहुतेक बोट पिरगाळलं, कारण आबा कळवळले. संजू हळूच मला म्हणाला, "आबा मेले आता." शेवटी आबांनी हात बाहेर काढला, झटकला आणि वैशालीला भाव सांगितला. संजूने तो ऐकून डोळे मिटले. वैशालीने मात्र आधी भावाकडे आणि मग काकूंकडे पाहिलं, आणि खाली वाकून काकूंच्या पाया पडली.

सौदा झाला. भंगारवाला दुसऱ्या दिवशी आला तर आबांनी त्याला पुरणपोळी खाऊ घालून परत पाठवला. शेळ्या पडवीत बांधल्या गेल्या. त्या आठवडाभरात आबांनी ही गोष्ट मला इतक्यांदा सांगितली की मी तिथे हजर नव्हतो असं मलाच वाटायला लागलं. मात्र सांगताना ते काकूंचा भाग कधीच गाळायचे नाहीत. "तिनं मला लुटलं, डाक्तर," असं म्हणायचे आणि सुपारी कातरताना हसायचे.

संजूने इंजिन टेम्पोत घालून शिंगणापूरला नेलं आणि व्हॅनमध्ये बसवून दिलं. त्याच सुमारास माझ्या बदलीचा हुकूम आला. राहात्याला जायचं होतं, घराच्या जवळ, म्हणून आनंद होता. सामान बांधत होतो तर आबांचा फोन.

"डाक्तर, शनवारी गाडी काडा. पहाटंच निगायचं. जनावर इकलं म्हंजी दलाली संपली आसं नस्तं. रुळलं का बगून यावं लागतं."

मी गाडी काढली. आबा धुतलेलं धोतर नेसून पुढच्या सीटवर ताठ बसले होते. वाटभर उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत होते. नगर ओलांडल्यावर मी विचारलं, "आबा, काळजी वाटते का?" ते म्हणाले, "धूर निगाला पायजे." मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. धूर निघू नये असं ना? पण त्यांनी पुन्हा तेच म्हटलं.

शिंगणापुरात पोचलो तेव्हा नुकतं उजाडत होतं. वैशालीची व्हॅन घरासमोर उभी होती. दर्शनाला निघालेली माणसं रस्त्याने चालली होती. आबांनी आदल्या दिवशीच फोन करून ठेवला होता, आपण येईपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. इंजिन गार होतं. आबा गेले आणि व्हॅनच्या मागे, सायलेन्सरसमोर हाताची घडी घालून उभे राहिले.

"बाबा, बाजूला व्हा, धूर लागंल," वैशाली म्हणाली.

"तू चावी फिरव."

तिने चावी फिरवली. इंजिनाने एक गचका खाल्ला आणि भसकन निळ्या धुराचा लोट बाहेर पडला. आबा त्यात पार दिसेनासे झाले. रस्त्यावरची माणसं खोकत पळाली. कुणीतरी आग लागली म्हणून ओरडलं. आणि त्या धुरातून आबांचा आवाज आला.

"निळा! डाक्तर, निळाच हाय! म्या सांगितला हुता तेवढाच!"

धूर तेवढाच होता. क्षणात थांबला आणि इंजिन मऊ आवाजात चालायला लागलं. वैशाली हसत होती. आबा खोकत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पांढऱ्या धोतरावर काजळीचे ठिपके पडले होते. त्यांनी खिशातून फोन काढून माझ्या हातात दिला, घरी लावून द्या म्हणाले. मी लावून दिला आणि स्पीकर चालू केला.

"आगं, निगाला! निळा धूर निगाला! सांगितला तसाच!"

पलीकडे काकू भाकरी थापत असाव्यात. थापण्याचा आवाज थांबला नाही.

"मग? मला काय म्हाईत न्हवतं व्हय?" काकू म्हणाल्या.

फोन माझ्याच हातात राहिला. वैशालीने चहा पुढे केला तरी आबांचं लक्ष नव्हतं. धूर केव्हाच विरला होता, आणि आबा व्हॅनच्या मागे तसेच उभे होते, काळे झालेले, तोंडभर हसत.